अवेळी भोंगा

दादा पडला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे निकालाकडे डोळे लावून बसायला नको. मंत्री असताना पडला, स्वतःच्या कारखान्याच्या दारात पडला, आणि ज्यांच्या जिवावर उभा राहिला त्यांनीच पाडला. पुढे कित्येक दिवस लोकांना चघळायला तोच विषय होता. पण त्या दिवशी आणखी एका माणसाचं सगळं पणाला लागलं होतं, आणि तिचं नाव मतपत्रिकेवर कुठेच नव्हतं.

त्याची धाकटी बहीण. कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत, बापाच्या वयाचे कामगारसुद्धा. एकटा दादाच तिला चिमणे म्हणायचा. ती पन्नाशीला टेकली, केस पिकले, चष्मा जाड झाला, तरी चिमणेच.

खुर्ची

कारखाना काचेच्या बाटल्यांचा. औषधाच्या, शाईच्या, अत्तराच्या. मधोमध भट्टी, दुमजली घराएवढी. तिच्यात वाळू, सोडा आणि फुटक्या काचेचा चुरा जातो आणि दुसऱ्या बाजूने मधासारखी दाट, लालभडक काच बाहेर येते. ही भट्टी कधी विझवायची नसते. विझली तर आतली काच थिजून दगड होते आणि भट्टीच्या विटांना तडे जातात. म्हणून तीन पाळ्या, आणि पाळी बदलताना भोंगा.

वडिलांनी कारखाना काढला, दादाने वाढवला. ताई वर्षानुवर्षं माल रवाना करायच्या खोलीत बसून खोक्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत होती. मग सरकार चालवणाऱ्या पक्षाला धंद्यातलं कळणारा मंत्री हवा झाला आणि दादाला बोलावणं आलं. तो कुठूनही निवडून आलेला नव्हता. शपथ आधी, निवडणूक मागाहून, अशी सोय कायद्यात होती, पण मुदत सहा महिन्यांची. तेवढ्यात सभागृहाची जागा जिंकली नाही तर मंत्रिपद गेलं. आणि मंत्र्याला कारखान्याच्या खुर्चीत बसता येत नाही, म्हणून खुर्ची बहिणीकडे.

"तात्पुरती," दादा म्हणाला होता. "निवडून आलो की कायमची तुझी करून देतो. मग मी इकडे ढुंकूनही बघणार नाही."

"आणि नाही आलास तर?"

"तर परत येतो. मी दुसरीकडे कुठे जाणार, सांग? मला काय बागकाम येतं?"

तो हसला होता. ती हसली नव्हती.

कारण खुर्चीत बसून आठवडा झाला नाही तोच तिला कळलं, की हे काम आपल्याला जमतं. अत्तराच्या इवल्याशा बाटल्यांचं काम दादाने 'कोण ती कटकट करणार' म्हणून परत पाठवलं होतं. ते तिने मागून आणलं. भट्टीच्या तोंडाशी उभं राहणाऱ्यांना लवकर लवकर बदली द्यायला लावली, तर माणसं कमी थकली आणि बाटल्या कमी फुटल्या. गिऱ्हाइकं आता तिचं नाव घेऊन फोन करत. सकाळी खुर्चीत बसलं की पाठ आपोआप ताठ व्हायची. इतकी वर्षं आपण पोक काढून चालत होतो हे तिला तेव्हा उमगलं.

मग पोटनिवडणूक लागली, कारखाना होता त्याच मतदारसंघात. समोर वकीलबाई, कामगारांचे खटले चालवणारी, बोलायला सुरी. ताईने कंबर कसली. कामगारांच्या वसाहतीतलं एक दार सोडलं नाही. भट्टीमास्तर, म्हणजे भट्टी सांभाळणारा जुना फोरमन, तिला म्हणालासुद्धा, "ताई, दादासाहेबांपेक्षा तुमच्या चपला जास्त झिजल्या. उमेदवार नक्की कोण आहे?"

"उमेदवार दादाच," ती म्हणाली.

हे खरं होतं आणि पूर्ण खरं नव्हतं.

फोन, भर दुपारचा, मतदानाच्या दिवशीचा

"चिमणे, वसाहत झोपलीय का?"

"ऊन आहे दादा. ऊन कललं की निघतील. बायका कामं उरकून संध्याकाळच्या सुमाराला येतात, दर वेळी."

"दर वेळी मी उभा नसतो. तिकडे वकीलबाईच्या भागात रांग रस्त्यावर आलीय. पीए स्वतः बघून आलाय. आणि आपल्या शाळेतल्या केंद्रावर? कुत्रं नाही."

"कुत्रं आहे. सकाळी मीच त्याला हाकललं."

"तुला चेष्टा सुचतेय."

"नाही रे. पन्नासेक माणसं आहेत रांगेत. मी आत्ताच बघून आले."

"पन्नासनी काय होतंय! भोंगा वाजव."

"कसला भोंगा?"

"आपला. एकच, लांबलचक. लोक दचकून उठतील, बाहेर येतील, आपली माणसं कोपऱ्या-कोपऱ्यावर उभी आहेत, ती त्यांना शाळेकडे वळवतील. नाव नाही, चिन्ह नाही, भाषण नाही. भोंग्याला कोण प्रचार म्हणणार? जन्मभर भोंग्यावर चाललेली माणसं आहेत ही. भोंगा झाला की पाय आपसूक निघतात."

"दादा, ही पाळीची वेळ नाही."

"म्हणूनच ऐकतील ना!"

"अवेळी भोंगा म्हणजे काय ते तुला—"

"माहीत आहे मला. वडिलांच्या वेळचं आहे ते. पाच मिनिटांत सगळ्यांना कळेल की काही झालेलं नाही. उलट सुटकेचा नि:श्वास टाकतील."

"नाही."

"काय नाही?"

"मी वाजवणार नाही."

पलीकडे गाडीच्या खिडकीची काच वर गेल्याचा आवाज आला. मग दादा बोलला तो अगदी मऊ आवाजात, लहानपणी तिच्याकडून काही काढून घ्यायचं असलं की बोलायचा तसा.

"खुर्ची हवीय ना तुला, चिमणे?"

फोन बंद झाला. कुणी बंद केला ते तिला सांगता आलं नसतं.

ती उठली आणि सरळ गेटवर गेली. गेटच्या केबिनमध्ये भिंतीवर लाल पेटी, पेटीत भोंग्याचं बटण, आणि पेटीखाली स्टुलावर राखणदार. पूर्वी सैन्यात होता म्हणून सगळे त्याला फौजी म्हणत.

"फौजी, या बटणाला कुणी हात लावायचा नाही."

"ब्रह्मदेवाचा बाप आला तरी नाही, ताई."

"पीए आला तर?"

"त्याला तर मी मुद्दाम लावू देणार नाही."

ती परत फिरली. तिला जरा बरं वाटलं. ब्रह्मदेवाचा बाप येणार नव्हता. पण ज्याच्या नावाने पगार निघतो तो येऊ शकतो, हे दोघांनाही सुचलं नाही.

अवेळी म्हणजे काय

वडिलांच्या वेळी एकदा भट्टीची भिंत फुटली होती. लालभडक काच जमिनीवर पसरली, पाण्यासारखी नाही, सावकाश, आणि तरीही पळणाऱ्यांना तिने गाठलं. कुणीतरी भोंग्याचं बटण दाबलं आणि हात काढलाच नाही.

तेव्हा ताईच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा याच कारखान्यात साच्यांच्या विभागात. ती वसाहतीच्या टोकाला राहत होती, मालकाची मुलगी असूनही, कारण नवऱ्याचा तसा हट्ट होता. भोंगा झाला तशी ती इतर बायकांबरोबर गेटवर धावली. गेट बंद. आत काय झालंय कुणाला कळेना. आतून बाहेर येणारा जो तो वेगळंच सांगे. गॅस फुटला. छप्पर पडलं. सगळे गेले. कुणीच गेलं नाही. एकीने ते ऐकून हसायला सुरुवात केली आणि तिला थांबता येईना.

बऱ्याच वेळाने वडील आले. तिथे पडलेल्या एका लाकडी खोक्यावर चढले आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं, कुठे झालं ते सांगितलं, आणि मग नावं वाचली नाहीत, तोंडपाठ असल्यासारखी सांगितली. पहिलं नाव वसाहतीत कपडे शिवणाऱ्या मावशीच्या नवऱ्याचं. दुसरं ताईच्या. वडिलांनी ते तिच्याकडे बघून सांगितलं. त्यांचा आवाज कापला नाही.

त्या दिवसापासून दोन गोष्टी ठरल्या. भोंगा पाळीच्या वेळेला वाजेल, एरवी वाजला तर अपघात. आणि अपघात झाला तर मालकाने स्वतः गेटवर यायचं, खोक्यावर उभं राहायचं आणि खरं काय ते सांगायचं. त्याआधी कुणी काही बोलायचं नाही, बाहेरच्यांनी गेट ढकलायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

दादा त्या वर्षी शिकायला परगावी होता. तो आला तेव्हा भट्टीची भिंत नव्याने बांधून होत आली होती. त्याने भोंगा जन्मभर ऐकला, पण नेहमी गेटच्या आतून.

आणि वाजला

ताई भट्टीपाशी होती. त्या दिवशी अर्ध्याहून अधिक लोकांना मतदानाची सुट्टी, भट्टी जेमतेम माणसांवर चाललेली. मास्तर निळ्या काचेतून भट्टीच्या पोटात डोकावत होता आणि वकीलबाईच्या आवाजाची नक्कल करून कुणाला तरी हसवत होता.

भोंगा सुरू झाला.

तिला सगळं माहीत होतं. फोनवर कोण काय म्हणालं, बटण कुठे आहे, ते कुणाला हवंय. तरी पहिल्या क्षणी तिचं डोकं चाललंच नाही, पाय चालले. ती भिंतीकडे धावली. मास्तर तिच्या आधी धावला. दोघांनी भट्टीला अर्धा वळसा घातला, एक इकडून, एक तिकडून, विटा, सांधे, खालची नाली, सगळं बघत. समोरासमोर आले तेव्हा मास्तरच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"कुठे?" तो ओरडला.

"कुठेच नाही."

"मग?"

भोंगा चालूच होता. ती गेटकडे निघाली, आधी चालत, मग धावत. मास्तर मागोमाग.

केबिनच्या दारात फौजी ताठ उभा, दोन्ही हात मांडीला चिकटवून, लहान मुलासारखा रडवेला. "मालकच आले, ताई," एवढंच तो म्हणाला.

आत दादा. कडक इस्त्रीचे कपडे, छातीवर घाम. त्याने बटणावरचा हात काढला. भोंगा थांबला आणि त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात तिला ऐकू आलं ते. चपलांचे आवाज. खूप चपला.

गेट

वसाहतीचा रस्ता उतरता आहे. त्यामुळे येणारी माणसं दिसायच्या आधी त्यांचा वेग ऐकू येतो. पुढे पुढे बायका. एकीच्या हाताला कोपरापर्यंत साबण. एकीच्या कडेवर मूल आणि मुलाच्या अंगावर काही नाही. रात्रपाळी करून झोपलेले बाप्ये बनियनवर. एक जण अर्ध्या दाढीचा, उरलेल्या गालावर फेस. आणि त्यांच्या मागे शाळेच्या फाटकातून रांगच्या रांग बाहेर पडत होती. मत द्यायला उभी असलेली ती पन्नास माणसं. रांग सोडून. कुणाच्या बोटाला शाई लागलेली, बहुतेकांच्या नाही.

दादाबरोबर आलेल्या पीएने ते पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "साहेब, हे उलटं चाललंय."

दादाने तिचं मनगट धरलं आणि तिला केबिनच्या भिंतीआड ओढलं.

"ऐक. झालं ते झालं. आता डोकं चालव. भट्टीच्या सांध्यातून गळती होती म्हणून सांग. थोडीशी. वेळीच लक्षात आली, भोंगा दिला, आटोक्यात आणली. मी प्रचार सोडून धावत आलो. कळतंय का तुला? मंत्री स्वतः! सगळं सोडून! हे सोनं आहे, चिमणे, सोनं. लोक इथून थेट शाळेत जातील आणि डोळे मिटून मला मत देतील."

"भट्टीवरच्या माणसांना माहीत आहे गळती नव्हती ते."

"आठ माणसं आहेत. संध्याकाळपर्यंत गप्प बसली की पुरे. मास्तर, बसतील ना?"

मास्तर मागे उभा होता. त्याने दादाकडे पाहिलंच नाही. "ताई, तुम्ही जे बोलाल त्याच्यावर मी ब्र काढणार नाही," तो म्हणाला. "हे पण नाही, ते पण नाही. खोक्यावर तुम्ही आहात."

हीच तर गोम होती. खोटं चालणार होतं. तिला ते आत्ताच ऐकू येत होतं, स्वतःच्या आवाजात, शब्दन् शब्द तयार: *मंडळी, घाबरू नका, उत्तरेच्या सांध्यातून काच पाझरत होती, आपल्या माणसांनी ती थोपवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि दादासाहेब बघा, कळल्याबरोबर निघून आले.* कुणीतरी दादाचा जयजयकार केला असता. मावशीने बोटं मोडून तिची दृष्ट काढल्यासारखं केलं असतं. संध्याकाळी रांग. परवा निकाल. त्यानंतर एका सहीनिशी खुर्ची, कायमची, आणि ही पाठ, ही नुकतीच ताठ झालेली पाठ, पुन्हा कधी वाकवावी लागली नसती. फक्त एक वाक्य. तेही अपघाताचं. ज्यात कुणी मरत नाही असं.

गेटपाशी माणसं येऊन थांबली. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. नियम त्यांना तिच्यापेक्षा चांगला माहीत होता. फौजीने न सांगताच खोकं आणून ठेवलं.

ती चढली.

सगळ्यात पुढे कपडे शिवणारी मावशी. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लटकलेली, धापा टाकत. तिने एकच शब्द विचारला.

"कोण?"

"कोणी नाही," ताई म्हणाली.

गर्दीतून एक श्वास गेला. एक बाई मटकन खाली बसली. कडेवरचं मूल रडायला लागलं, त्याला आता रडायला परवानगी मिळाली होती जणू. आणि इथेच थांबता आलं असतं. 'कोणी नाही' हे खरं होतं. तेवढं सांगून उतरली असती तरी ती खोटं बोलली असं कुणी म्हणू शकलं नसतं. डाव्या बाजूला दादा उभा होता, त्याचा चेहरा उजळत होता.

"मग झालं काय?" मावशीने विचारलं.

"काहीच झालेलं नाही. भट्टी चांगली आहे. आतले सगळे चांगले आहेत."

"मग भोंगा?"

ताईने तोंड उघडलं.

"भोंगा मतदानासाठी वाजवला. लोक घराबाहेर यावेत म्हणून."

काही क्षण कुणाला ते समजलंच नाही. वाक्य ऐकू गेलं होतं, पण ते कुठे ठेवायचं हे कळत नव्हतं. मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाली?" आणि पुढच्याने ते मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. ते वाक्य चढावरून वर जाताना ताईला दिसत होतं. जिथे पोचे तिथे माणूस मान वर करून गेटकडे बघे.

"कोणी वाजवला?"

"आम्ही," ताई म्हणाली.

"मी वाजवला!" दादा पुढे झाला. एवढं मात्र त्याचं मोठेपण म्हणायला हवं. तो बहिणीच्या आड लपला नाही. किंवा गर्दी दिसली की बोलायची सवय त्याला गप्प बसू देईना. "मी वाजवला, आणि तुमच्याच भल्यासाठी. मत हा तुमचा हक्क आहे, तो झोपेत वाया जाऊ नये, एवढीच माझी तळमळ. थोडी धावपळ झाली, मान्य. पण घरचा माणूस आहे, घरच्या माणसाला एवढं तर—"

"मंत्रीसाहेब," अर्ध्या दाढीचा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "माझा पोरगा आत आहे. आजच्या पाळीला. मी कसा आलो तिथून इथवर, मला आठवत नाही."

"अरे, पण त्याला काही झालं नाही ना!"

"नाही झालं," तो म्हणाला. गालावरचा फेस त्याने मनगटाने पुसला. "चला. मत देऊन येऊ. मग उरलेली करतो."

कुणी हसलं नाही. मावशीने गळ्यातली फीत काढली, बोटांभोवती गुंडाळली, ताईकडे एकदा पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते ताईला पुढे कधीही नीट सांगता आलं नाही. शाबासकी नव्हती. माफीही नव्हती. तिने पाठ फिरवली आणि चढाला लागली.

आणि सगळे निघाले. घरी नाही. साबणाच्या हातांनी, बनियनवर, उघड्या मुलासकट, सगळे शाळेकडे. थोड्या वेळात रांग फाटकाबाहेर आली, मग रस्त्यावर, मग वळणापर्यंत. त्या शाळेत इतकी रांग आजवर कुणी पाहिली नव्हती.

"बघ," दादा म्हणाला. तो खरोखरच खूश झाला होता. "लागली की नाही रांग? म्हटलं नव्हतं मी, भोंगा झाला की पाय निघतात!"

पीए बूट न्याहाळत उभा राहिला.

निकाल

बाकी सगळीकडची मतं मिळून तो थोडा पुढे होता आणि त्या एका शाळेने त्याला बुडवलं.

पुन्हा खुर्ची

राजीनामा देऊन तो आला त्या सकाळी ताई नेहमीसारखी टेबलाशी बसलेली होती. आवरून ठेवावं, आधीच उठून बाजूला बसावं, असं काही तिने केलं नाही. त्यानेही दारावर टकटक केली नाही. गाडीवरचा दिवा गेला होता, पीए गेला होता. स्वतःची बॅग स्वतः धरून तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

ती उठली. तो बसला.

बसल्यावर त्याने खुर्ची खालीवर करून पाहिली. तिने ती आपल्या उंचीला लावून घेतली होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू एक वाक्य बोलली असतीस तर आज मी इथे नसतो. ही तुझी असती. हे तेव्हा तुझ्या डोक्यात होतं की नव्हतं?"

"होतं."

"खोक्यावर चढल्यावर विसरलीस?"

"चढतानाही आठवत होतं. उतरतानाही आठवत होतं."

त्याने मान हलवली. राग होता, पण राग करायला लागणारी ताकद उरलेली दिसत नव्हती. "मला वाटलं होतं तू माझ्याकडून आहेस."

"होते ना. माझ्या चपला बघ."

तेवढ्यात मास्तर दारात आला. हातात अत्तराची एक बाटली, नुकतीच निघालेली. तो आत आला आणि थबकला. खुर्चीत कोण, उभं कोण, हे त्याने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि शेवटी दोघांच्या मधल्या भिंतीकडे बघून बोलला.

"गळ्याला केसाएवढ्या चिरा येतायत. पहाटेपासून. साचे बदलून बघितले, तेल बदलून बघितलं. शंभरात दहा फुकट जातायत."

ताईच्या ओठांवर प्रश्न आला होता, पण तिने तो गिळला. तिला एक गोष्ट बघायची होती, आणि ती बघायची आहे याची तिला लाजही वाटत होती. इतके महिने दादाने फक्त फिती कापल्या होत्या. त्याला काय आठवणार? मास्तरसमोर तो चाचरेल. काहीतरी ठोकून देईल. आणि मग.

दादाने बाटली उजेडाकडे धरली. अंगठ्याने गळा चाचपला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"एकाच बाजूला आहेत चिरा," तो म्हणाला. "सगळ्या बाटल्यांना याच बाजूला?"

"हो की."

"मागचं शटर कुणीतरी उघडं टाकलंय. साच्यातून निघालेल्या गरम बाटलीला त्या बाजूने गार वारा लागतोय. पहाटे वारा सुटला असेल. शटर पाडा, थोड्या वेळाने बघा."

मास्तरने ताईकडे पाहिलं.

उत्तर बरोबर होतं. तिने शटरचाच प्रश्न गिळला होता. दादा कसाही मंत्री असो, कसाही उमेदवार असो, काच त्याला कळत होती, तिच्याइतकीच, कदाचित तिच्याआधी. तो चुकला असता तर सगळं किती सोपं झालं असतं!

"ते म्हणतात तसं करा," ती म्हणाली.

मास्तर गेला, पण लांब गेला नाही. दाराबाहेर त्याची पावलं थांबल्याचं दोघांना ऐकू आलं.

"रवानगीची खोली तशीच आहे," दादा बाटलीकडे बघत म्हणाला. "तुझी खुर्चीही तिथेच आहे. मी कुणाला बसवलेलं नाही तिथे."

"तू कशाला बसवशील? तू नव्हतास."

"चिमणे, आता पुरे. मला घरी जायचीसुद्धा लाज वाटतेय. आईपुढे कसा उभा राहू ते कळत नाहीये. मला निदान हे तरी राहू दे."

हे त्याने मनापासून म्हटलं आणि तिला ते लागलं. ती दारापर्यंत गेली. कडीला हात घातला. पाठ, सवयीने, वाकायला निघाली.

मग ती परत आली. टेबलाच्या अलीकडे, जिथे वाळू पुरवणारे, खोकी विकणारे आणि बिलासाठी खेटे घालणारे लोक बसत, तिथली एक खुर्ची तिने ओढली आणि बसली. पर्स मांडीवर घेतली.

"ही बाटली माझी आहे," ती म्हणाली. "गिऱ्हाईक मी आणलंय, साचा मी करून घेतलाय. शटर पाडायचं तुलाही कळतं, मलाही कळतं. मी रवानगीत जाणार नाही."

"मग काय करणार?"

"तेच विचारायला बसलेय. तुझ्यासमोर एक जण काम मागायला आलंय, दादा. भट्टीचं काम येतं, माणसं ओळखीची आहेत, गिऱ्हाइकं बरोबर आहेत. ठेवून घेणार असशील तर कशावर, ते सांग. नाहीतर बाहेर दुसरे कारखाने आहेत."

"बापाच्या कारखान्यात तू नोकरी मागतेस?"

"तू मला दुसरं काय ठेवलंस?"

"उद्या बोलू."

"आज."

दादाने बाटली टेबलावर आडवी ठेवली. ती गोल होती, कडेकडे घरंगळायला लागली. दोघांनीही हात पुढे केला नाही. दाराबाहेर मास्तर खाकरला, आत कुणीतरी काहीतरी ठरवावं आणि आपल्याला शटर कुणाच्या नावाने पाडायचं ते कळावं, म्हणून.